अगदी शांत मुलगा

"त्या दिवशी मुलाचं मन शांत होतं. मनाची अवस्था नोंदवणारी गळ्यातली मनपट्टी खोटं बोलत नाही," डॉ. सबनीस कोर्टाला म्हणाले. म्हणजे सोळा वर्षांच्या प्रज्योतने गेल्या महिन्यात मोबाइलचा टॉवर पूर्ण भानावर असताना पेटवला, म्हणजे तुरुंग.

पिंजऱ्यात प्रज्योत कान दाबून कण्हत होता. त्याची आई, मंदाबाई खेमनर, उठली. सहा महिने तिने डॉक्टरांना फोन केले होते. दर वेळी एकच उत्तर : मूल चौदा वर्षांचं झालं की पट्टीचं ऐकायचं, आईबापांचं नाही, असा नियम आहे.

"डॉक्टर, आत्ता कसाय तो? शपथेवर सांगा."

पिंजऱ्याकडे न बघता डॉक्टरांनी पट्टीच्या नोंदी दाखवणारा पडदा पाहिला. "अगदी शांत. गेले सहा महिने असाच."

"लिहून घेतलं का, साहेब?" तिने न्यायाधीशांना विचारलं. लिहून झाल्यावरच ती पुढे बोलली.

"पट्टीतनं आवाज येतात म्हणून पोरानं ती सहा महिन्यांपूर्वीच काढली. तेच सांगायला फोन करत होते मी. पट्टी बाहेर लिंबाखाली आहे, आमच्या शेळीच्या गळ्यात. डॉक्टरांची पेशंट ती. तिला आत आणू, का डॉक्टर बाहेर येऊन तपासतील?"