जिभेवरचं कर्ज

पाडव्याला धाकट्या जावेच्या नव्या, समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये जेवताना हेमांगीला फ्लॅटचा नव्हे, जावेच्या जिभेचा हेवा वाटत होता. स्वतःच्या दोन खोल्यांसाठी तिने बँकेकडे आपली चव गहाण ठेवली होती. कर्ज फिटेपर्यंत तिला पुरणपोळी काय आणि पुठ्ठा काय, सारखंच. आणि ही शलाका बघा! डोळे मिटून, मिटक्या मारत श्रीखंड खात होती. जणू मुद्दाम जळवायलाच.

“वहिनी, कसं झालंय?”

“अप्रतिम! तुझ्या हाताला चवच आहे गं,” असं म्हणत हेमांगीने वाटी संपवली. आपली अडचण या बयेला कळायला नको होती.

तेवढ्यात जप आटोपून सासूबाई पानावर बसल्या. म्हाताऱ्यांची जीभ बँक तारण घेत नाही, म्हणून त्यांची चव अजून शाबूत होती. पहिलंच बोट तोंडात घातलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

“शलाका, अगं साखर घालायलाच विसरलीस की! नुसता आंबटढाण चक्का आहे हा!”

दुसऱ्यांदा वाढून घेणारा शलाकाचा हात थांबला. सासूबाईंनी आधी तिच्या वाटीकडे पाहिलं, मग हेमांगीच्या. दोन्ही वाट्या चाटूनपुसून लख्ख होत्या.