बरणीतला शाळिग्राम

बाबांचं सुतक फिटल्यावरची पहिली पूजा आटोपून आत्याने दिलेलं तीर्थ ती प्यायली, आणि मग तिचं लक्ष ताम्हनाकडे गेलं. ताम्हनातल्या पाण्यात बाबांच्या प्रयोगशाळेतली काळी वडी होती. अणुभट्टीचा घातक कचरा हजारो वर्षं कोंडून ठेवील अशी, चिनी मातीसारखी भाजलेली वडी करण्यात बाबांचा जन्म गेला होता.

"आत्या, हे कुठून आणलंस?"

"दादाच्या टेबलावरून. बरणीत ठेवला होता, दर सोमवारी पाणी बदलायचा गं! कधी देवाला हात न जोडणारा माणूस, आणि गुपचूप शाळिग्राम पुजत होता." आत्याने डोळ्यांना पदर लावला. "मला तेवढाच आधार."

बाल्कनीत जाऊन तिने बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांना, मुजुमदारांना, फोन लावला. ते आधी दचकले, मग हसले. "घाबरू नकोस. ती नुसती नमुन्याची वडी, कचरा न घातलेली. पाण्यात काही झिरपतं का, ते तो घरीही बघत बसायचा. नऊ वर्षांत तिने काही सोडलं नाही म्हणायचा."

ती आत आली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"काय म्हणाले? शाळिग्रामच ना?" आत्याने विचारलं.

बाबा असते तर खरं सांगून मोकळे झाले असते. तिने ताम्हनात बोट बुडवलं. पाणी गार होतं, वडी गुळगुळीत.

"आज सोमवार आहे, आत्या," ती म्हणाली. "बरणीतलं पाणी बदलायचं राहिलंय."