मापातली दारू

"अरे मुरलीधर, इथली दारू म्हणजे एक नंबर!" पद्माकरराव फोनवर सांगत होते. "रोज संध्याकाळी, शेजारी डर्मटच्या शेडमध्ये. मापातच रे. घरात कशाला कळायला हवं?"

वाळलेले कपडे घेऊन जिना चढणारी रेवती मध्येच थांबली. सासरे खोलीत पाठमोरे बसले होते. ती पाय न वाजवता खाली आली आणि कपड्यांचा ढीग ओल्या ओट्यावरच टाकून मोकळी झाली.

पद्माकररावांनी दारू सोडली त्याला सात वर्षं झाली होती. सोडली म्हणायला सोपं आहे. त्याआधी दोनदा दवाखाना झाला होता, एकदा गटार झालं होतं, आणि चित्राबाई बॅग भरून कराडला भावाकडे निघून गेल्या होत्या. परतल्या त्या एकाच अटीवर: पुन्हा एक थेंब, की मी कायमची माहेरी. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्या पुण्यात राहिल्या, आणि दोन महिन्यांसाठी परदेशात, गॉलवेला मुलाकडे आलेले पद्माकरराव लॉकडाउनमध्ये वर्षभर अडकले.

"आशिष, बाबा पुन्हा..." रेवतीने फोनवरचं बोलणं सांगितलं.

आशिषने मीटिंग म्यूट करून हेडफोन काढला. "तोंडाला वास आला?"

"मला काय विचारतोस? सकाळची फोडणी करपली, ती आपल्याला धूर दिसल्यावर कळली."

जानेवारीत दोघांनाही कोविड होऊन गेला होता. तेव्हापासून त्यांची नाकं चष्मा टेकवण्यापुरतीच उरली होती.

दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आशिषचं तर लहानपणच भाजलेलं. तो संध्याकाळ व्हायची वाट बघत राहिला. डर्मट एकटा राहणारा म्हातारा, म्हणून लॉकडाउनच्या नियमाप्रमाणे ह्यांच्या बबलमध्ये होता, म्हणजे दोन्ही घरांना एकमेकांकडे जायची मुभा होती. बाबांना सोबत मिळाली, ह्याचं दोघांना केवढं कौतुक होतं! आता त्याच शेडचं दार त्यांनी न ठोठावता उघडलं.

आत भिंतीवर नेमबाजीची जुनी पदकं होती. बाकावर तरफेचं एक लोखंडी यंत्र घट्ट बसवलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी पितळेची रिकामी काडतुसं चकचकत होती. पद्माकररावांनी एक काडतूस यंत्रात उभं केलं, वर गोळी टेकवली आणि तरफ ओढली. खट्.

"बाबा, दारू कुठे आहे?" आशिषचा आवाज फाटला.

पद्माकररावांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग फळीवरच्या लाल डब्याकडे पाहिलं आणि हसत सुटले.

"ही काय! गाढवा, ही प्यायची दारू नव्हे, ठासायची!"

आशिष तिथेच एका खोक्यावर बसला. पद्माकररावांचा जन्म सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला होता, आणि मुरलीधर त्यांच्या शेजारच्या टेबलावर होता. हे दोघं दारूला दारू नाही तर काय म्हणणार? आधी रेवती हसली, मग तिला हसू आवरेना.

"मग घरात कळू नये असं का म्हणालात?"

"तुम्ही घाबरट! सिटिझनशिपचा अर्ज अडकेल म्हणून दोन दिवस जेवला नसतात." त्यांनी तयार काडतूस तळहातावर उभं केलं. "हे मॅग्नम आहे, बाई. चाप ओढला की कोपरापर्यंत झिणझिण्या. दारू कणभर जास्त पडली तर पिस्तुलासकट बोटं जातील. पिणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे. हात बघ."

काडतूस जरासुद्धा हललं नाही.

आशिष कौतुकाने डब्याकडे वळला. "झाकण नको उघडूस," पद्माकरराव म्हणाले, "तुमच्या गॉलवेच्या हवेने सादळते." डर्मटला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. तो लाकडी कपाटाला टेकून "ग्रँड, ग्रँड" करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशिषने आईला फोन लावला आणि सगळा घोटाळा सांगितला. चित्राबाई आधी रडल्या, मग आपल्याच रडण्याला हसल्या. "माझा जीव भांड्यात पडला रे," त्या म्हणाल्या. "आता विमानं सुरू होऊ देत, पहिल्या विमानाने येते. उरलेले दिवस त्यांच्याजवळ काढीन म्हणते."

पद्माकररावांनी फोन घेतला. "ये," एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. मग चहा घेताना त्यांच्या हातातली कपबशी रोज सकाळसारखी खडखडत होती.

"काय थंडी आहे तुमच्या गावाची," ते म्हणाले. रेवतीने हीटर वाढवला.

त्या आठवड्यात घर हलकं झालं. आशिष शीळ वाजवत काम करू लागला. रेवतीने सासूबाईंसाठी वरची खोली आवरली, नवीन पडदे लावले. रविवारी तिने शिरा केला. वास नाही तर नाही, गोड तर लागत होता. एक वाटी घेऊन ती कुंपणापाशी गेली. डर्मट गुलाबाची छाटणी करत होता.

"मग, काडतुसं कुठवर आली?" तिने हसत विचारलं.

"काडतुसं?" डर्मटने वाटी घेतली. "लायसन्स संपलं तेव्हाच पोलीस येऊन पिस्तूल, पावडर, सगळं घेऊन गेले की. त्याला बारा वर्षं झाली. त्या यंत्राशी आम्ही नुसतं खेळतो." त्याने शिऱ्याचा घास घेतला आणि खूश होऊन मान डोलावली. "पण तुझा सासरा ग्रँड माणूस आहे हं! कितीही वेळा ग्लास भरू दे, एक थेंब सांडत नाही."