कोणी कळवलं?

वकीलबाईंचा फोन अकराला यायचा होता, पण साडेनवापासूनच उत्तमराव मोबाईल हातातून खाली ठेवायला तयार नव्हते. दुसरबीडच्या त्यांच्या खतांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी तसंच परत पाठवलं.

मुलगी अर्पिता ऑस्ट्रेलियात शिकत होती. महिन्यापूर्वी तिचा स्टुडंट व्हिसा रद्द झाला. पत्रात एवढंच होतं की विद्यार्थिनी कॉलेजला जात नसल्याचं कळवण्यात आलं आहे. कोणी कळवलं, ते लिहिलेलं नव्हतं.

उत्तमरावांना ते विचारायची गरजही वाटली नाही. हे काम भावकीचं. पोरगी विमानात बसली त्या दिवशी बसस्टँडवर तिच्या अभिनंदनाचा बॅनर लागला, आणि धाकटा भाऊ गजेंद्र म्हणाला होता, एवढ्या लांब पोरीला पाठवायची काय गरज? ते वाक्य उत्तमरावांना तेव्हापासून सलत होतं. व्हिसा गेला तशी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलचाल तोडली. पुतणीच्या साखरपुड्यालाही गेले नाहीत. पत्नी आशाबाई म्हणाल्या, आधी खरंखोटं तरी करा. पण रागावलेल्या माणसाला शहाणपण शिकवायचं कोणी?

अर्पिताचं फोनवर वेगळंच चालायचं. राहू द्या बाबा, येते मी घरी, म्हणायची. पोरीनं हाय खाल्ली, असं उत्तमरावांना वाटे आणि त्यांचा जीव तुटे.

"तू काऊन घाबरतं? तुह्या बापानं अशे लय पाह्यले," ते सांगत. "आपण अपील करू. जिंकू. तू फक्त सही कर."

ती मग फोन आईकडे द्यायला सांगायची. अर्जावर तिनं सही केली ती मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तीही वडिलांनी सकाळपासून सात फोन केल्यावर.

अपील केलं की सरकारी फाईल मागता येते, असं वकीलबाईंनी सांगितलं होतं. कळवणाऱ्याचं म्हणणं खोटं ठरलं तर व्हिसा परत मिळेल. खरं ठरलं तर शिक्षण तिथंच संपलं. उत्तमरावांना शंकाच नव्हती. अर्पिता कॉलेज बुडवणाऱ्यातली नव्हे. दहावीला ताप अंगात असताना पेपर देऊन आलेली पोर ती.

अकरा वाजून गेले. साडेअकरा झाले. आशाबाई घरातून चहा घेऊन आल्या, तो तसाच निवला.

पावणेबाराला फोन वाजला. उत्तमरावांनी स्पीकर लावला. फाईल आली, कळवणाऱ्याचं पत्रही त्यात आहे, असं बाईंनी सांगितलं.

"नाव सांगा, म्याडम," उत्तमराव म्हणाले. "गजेंद्रच हाय ना?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"काका, तुम्ही आधी बसा," बाई म्हणाल्या. "पत्र इंग्रजीत आहे. मी मराठीत सांगते."

उत्तमराव बसले नाहीत. बाई सावकाश वाचू लागल्या.

"'चार महिन्यांपासून मी वर्गात गेलेले नाही. इथं माझं मन लागत नाही, आणि घरी तसं सांगायची माझी हिंमत होत नाही. कृपा करून माझा व्हिसा रद्द करा, म्हणजे मला घरी जाता येईल. फक्त हे पत्र मी लिहिलं, हे माझ्या बाबांना कळू देऊ नका.'"