उन्हातला गुलाबी

रंगाच्या दुकानातले दोन गुलाबी नमुने घेऊन मोरेश्वरराव पायऱ्या उतरले आणि थेट उन्हात जाऊन उभे राहिले.

“काका, आत उजेड कमी आहे का?” दुकानदार हसला.

“ट्यूबखाली रंग फसवतो,” ते म्हणाले आणि स्वतःच चपापले. हे वाक्य त्यांच्या बायकोचं, मालतीचं. चाळीस वर्षं ती ब्लाउजपीस अशीच उन्हात आणून धरायची, आणि स्कूटरवर ताटकळलेले मोरेश्वरराव न बघताच सांगायचे, “दोन्ही सारखेच आहेत.” त्यावर तिचं ठरलेलं, “अहो, नीट बघा तरी!”

मालतीला जाऊन वर्ष झालं. आता लेक बाळंतपणाला यायची होती आणि तिला आईची खोली पूर्वीच्याच गुलाबी रंगात हवी होती.

उन्हात एका नमुन्याला किंचित केशरी झाक दिसली, पण खात्री होईना. शेजारच्या मॅचिंग सेंटरबाहेर एक गृहस्थ स्कूटरवर बसून बायकोची वाट बघत होते. मोरेश्वररावांनी नमुने त्यांच्यापुढे धरले.

मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, “दोन्ही सारखेच आहेत की.”

मोरेश्वररावांनी नमुने आणखी जवळ नेले. “अहो, नीट बघा तरी!”