पुढचा तोल

"बर्फ लोटायच्या पात्याचं वजन किती म्हणालात?" सुशांतने विचारलं.

"दोनशे दहा किलो," फोनवरून अण्णा म्हणाले.

"मग नको. परत करा ते."

"दुकानदार तर म्हणतो चालेल."

"दुकानदाराला पातं विकायचंय. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं. पुढच्या अ‍ॅक्सलला किती वजन झेपतं ते त्यावर लिहिलेलं असतं. वाचा बघू."

अण्णांनी आकडा लगेच सांगितला. दार उघडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. म्हाताऱ्याने आधीच टिपून ठेवला असेल, असं सुशांतला वाटलं. त्याने कागदावर बेरीज केली. पातं उचललं की पुढच्या अ‍ॅक्सलवर नव्वद किलो जास्त होत होते.

"हलकं पातं घ्या. नाहीतर ही गाडी माझ्या सांगण्यावरून केली असं कुणाला सांगू नका."

अण्णा म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

सुशांतने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. तरी कतारमध्ये, दोहा शहराच्या अल मन्सूरा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून, कॅनडातल्या एका म्हाताऱ्याला बर्फ लोटायची पिकअप कशी तयार करायची हे तो दर शुक्रवारी संध्याकाळी शिकवत होता. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. वजन ते वजन. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर त्याच्या कंपनीच्या साठ पिकअप त्याच्या हाताखालून जायच्या, वाळूत रुतून कमरेत मोडलेल्या. त्यातली एकही त्याने दुसऱ्यांदा त्याच दुखण्यासाठी परत येऊ दिली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी तो मराठीत सस्पेन्शनवर व्हिडिओ करायचा. बघणारे जेमतेम चारशे. त्यातल्या एका व्हिडिओखाली अण्णांनी लिहिलं होतं, 'छोट्या पिकअपला बर्फाचं पातं लावायचं आहे. मला शिकवशील का?'

अण्णांचा चेहरा त्याने पाहिला नव्हता. कॅमेरा कायम गाडीच्या पोटाखाली. "माझं थोबाड काय बघायचंय," ते म्हणायचे, "गाडी बघ."

पुढच्या शुक्रवारी हलकं पातं आलं. सुशांतने चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत अंतर मोजायला लावलं, आधी पातं जमिनीवर ठेवून, मग उचलून.

"बासष्ट मिलिमीटर खाली आली," अण्णा म्हणाले. "टॉर्शन बारचे बोल्ट आवळून नाक वर उचलू का? इथे सगळे तसंच करतात."

"करू देत. तुम्ही नका करू. गाडी उंच दिसेल, पण चाकाला खाली यायला जागाच उरणार नाही. खड्ड्यात चाक अधांतरी राहील आणि सांधे खिळखिळे होतील. फ्रेमखाली रबरी ठोकळे बसवा. पातं नसताना बोटभर फट. पातं उचललं की गाडी त्यांच्यावर टेकेल."

"आणि मागे?"

"वाळूची पोती. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, घट्ट बांधून. तराजूसारखं. आधी शंभर किलो टाका, मग पुन्हा मोजा."

त्याची बायको तेजश्री चहा घेऊन आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहून ऐकू लागली. सुशांत असा बोलायला लागला की तिला तो आवडायचा.

"तुमची मराठी काही बिघडली नाही हो अण्णा," ती म्हणाली.

"बोलायला कुणी नव्हतं पोरी. म्हणून झिजली नाही." पान्याचा आवाज थांबला. "सुशांत, हे तुला कुणी शिकवलं? वडील या धंद्यात होते?"

"वडील नाहीत," सुशांत म्हणाला.

हे उत्तर तो शाळेपासून देत आला होता. तो दोन वर्षांचा असताना ते परदेशी गेले आणि पत्रं बंद झाली, हे सांगत बसण्यापेक्षा तेवढं सोपं पडायचं. आई जयमाला नाशकात शिवणक्लास चालवायची. ती त्या विषयावर कधीच काही बोलली नव्हती.

"आपलं आपण शिकलो," तो पुढे म्हणाला. "मागचं माप सांगा."

अण्णांनी माप सांगायला बराच वेळ घेतला. सांगितलं ते मात्र बिनचूक होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने चाकांची अलाइनमेंट करून घ्यायला सांगितली आणि हेडलाइट खाली वळवायला लावले. मग म्हणाला, "खलास. झाली तुमची गाडी. आता बर्फ पडू दे."

"चुकलं तर?"

"चुकणार नाही, अण्णा."

"नाही," अण्णा म्हणाले. "एका जागीसुद्धा चुकला नाहीस तू."

सुशांत हसला. बर्फाच्या देशातल्या माणसाने वाळवंटातल्या माणसाला पास केलं होतं. त्या आठवड्यात कामावर त्याने ही गोष्ट सोबतच्या तबिश मेकॅनिकला दोनदा सांगितली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी संदेश आला. 'पहिला बर्फ. तू सांगितलंस तशीच चालली. फोटो पाठवतोय. वाटलं तर फोन कर, नाही केलास तरी चालेल.'

पहिल्यांदाच अख्खी गाडी दिसत होती. पातं वर उचललेलं, तरी नाक जराही झुकलेलं नव्हतं. शेजारी जाड कोटातला एक उंच म्हातारा टोपी काढून उभा होता.

"बघ, कशी उभी आहे," सुशांत अभिमानाने म्हणाला आणि फोन तेजश्रीकडे दिला.

तिने बोटांनी फोटो मोठा केला. मागे लांबलचक शेड होती. शेडमध्ये तशीच पाती लावलेल्या नऊ पिकअप ओळीने उभ्या होत्या. तिने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला, मग सुशांतचा. तिने शेडवरची पाटी मोठी करून फोन त्याच्यासमोर धरला.

रंग विटला होता, पण इंग्रजी अक्षरं स्पष्ट होती. 'सुशांत अँड फादर. बर्फाच्या पिकअपचे सस्पेन्शन तज्ज्ञ. १९९७ पासून.'