कुंकू लावलेली बाटली

"साउथ फ्रान्सची ऑर्गॅनिक रेड वाईन, एकदम फुल-बॉडीड. खास तुझ्यासाठी शोधून आणली," माझा जुना मॅनेजर सुमंत दारातच म्हणाला. लेऑफ झाल्यापासून त्याला माझ्या कंपनीत नोकरीसाठी माझं रेफरल हवं होतं. मी बाटली फिरवली. मागच्या लेबलवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या फ्रिस्कोतल्या नव्या घराच्या हाउसवॉर्मिंग पार्टीला हीच बाटली मी नेली होती. नव्या घरी चाललेली वस्तू, म्हणून आईनं तिला कुंकू लावलं. सुमंतनं ती सगळ्यांसमोर उंचावली. "वाईनची पूजा करून आणलीय, यार! उद्या ही आपल्या सॉफ्टवेअरच्या कोडला हळद लावेल!" सगळी टीम खिदळली. शेजारी उभी असलेली आईही कसनुशी हसली. आज मी बाटली टेबलावर ठेवली, कुंकू त्याच्याकडे करून. त्याचा चेहरा उतरला. मी आत हाक मारली, "आई, बाहेर ये गं! सुमंतला तुझ्यासमोर रेफरल मागायचंय."